हवी ती जागा दुसऱ्याला मिळाली. सगळे म्हणतात, ‘यातूनच तू घडशील.’ निराशेतून माणूस खरंच घडतो का? आणि कसा?

आपोआप तर मुळीच नाही. हे वाक्य तुम्हाला ऐकवणाऱ्यांपैकी किती जण स्वतः अशा जागेवरून हुकलेत, ते एकदा बघा. ज्याची जागा शाबूत असते तोच सहसा असं बोलतो. माझ्याकडे तो माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ, त्यामुळे हे उत्तर जरा लांबणार आहे.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. आमचे विभागप्रमुख निवृत्तीला आले तेव्हा सेवाज्येष्ठतेने पुढचा नंबर माझा होता. लोकांनी ते इतकं गृहीत धरलं होतं की ‘सर, पुढच्या वर्षी आमचं जरा बघा हं’ अशी वशिल्याची बोलणी आधीच सुरू झाली होती. मीही तयारीला लागलो होतो. एक्सेलमध्ये एक फाइल केली होती. पहिल्या शीटवर पुढच्या वर्षाचं वेळापत्रक: कोणाला कोणता पेपर, कोणाला सकाळचं पहिलं लेक्चर नको, सगळं रंग देऊन. दुसऱ्या शीटवर प्रयोगशाळेतली उपकरणं, कुठलं दुरुस्त होईल, कुठलं भंगारात काढायचं. तिसऱ्यावर पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये करायचे बदल. ही तिसरी शीट लक्षात ठेवा.

जागा बाहेरून आलेल्या एका मॅडमना मिळाली. का, ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारायला गेलो नाही. पुढचे काही दिवस मी स्टाफरूममध्ये शिरलो की बोलणं थांबायचं. जागा गेली त्याहून हे जास्त झोंबलं. मॅडम रुजू झाल्यावर त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, ‘सर, वेळापत्रकाचं काही तयार आहे का तुमच्याकडे?’ मी पहिली शीट प्रिंट काढून दिली. रंगांसकट.

त्या रात्री दादाचा फोन. ‘अरे, जे होतं ते भल्यासाठीच होतं. दहा वर्षांनी हसशील यावर.’ दहा वर्षं कधीच उलटून गेली. अजून हसू आलेलं नाही.

पुढचं सांगायलाच हवं, कारण दादाचा सगळा दावा त्यावर उभा आहे. पहिल्या वर्षाला साध्या दोलकाचा प्रयोग असतो. दोऱ्याला गोळा टांगा, लांबी मोजा, आंदोलनांचा वेळ घ्या, गुरुत्व त्वरण काढा. जर्नल उघडलं की प्रत्येकाचं उत्तर ९.८, पुस्तकात असतं तेच. पान उजेडात तिरकं धरलं की खोडरबराने खरवडलेली जागा दिसते, आणि नीट पाहिलं तर तिथे आधी ९.६ होतं, कुठे ९.५. उत्तर आधी मांडायचं आणि रीडिंग मागून बसवायची, ही विद्या मुलं पहिल्या महिन्यात शिकतात आणि आम्ही खाली सही करतो. तिसऱ्या शीटवर मी लिहिलं होतं की हे बंद करायचं. उत्तर जुळलं नाही म्हणून मार्क कापायचे नाहीत; का जुळलं नाही ते शोधलं तर मार्क द्यायचे. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न धरता नुसती हुकपर्यंत मोजली तर उत्तर दर वेळी कमीच येतं. हे ज्या मुलीने खाडाखोड न करता पकडलं, तिला ९.८ वाल्या अख्ख्या बॅचपेक्षा जास्त भौतिकशास्त्र कळलं.

काही महिने कुढून झाल्यावर मी ती शीट घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी वाचली, म्हणाल्या, ‘तुमच्या बॅचला करून बघा, माझी हरकत नाही,’ आणि वाजणारा फोन उचलला. झालं. तेव्हापासून माझ्या बॅचला ती पद्धत चालू आहे, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत मला खरं समाधान कशाने दिलं असेल तर त्याने.

यावर दादा काय म्हणतो? ‘बघ! खुर्ची मिळाली असती तर मीटिंगा आणि सह्यांत अडकला असतास. हे केलं असतंस का?’ केलं असतं. शीट तयार होती. फाइलवर तारीख असते. तिचा स्क्रीनशॉट मी त्याला पाठवलाय, निवडीच्या आधीची आहे. आणि प्रमुख असतो तर एकाच बॅचवर न थांबता सगळ्या बॅचना लागू केलं असतं. म्हणजे हिशेब मांडला तर तोटाच झाला. जे उरलं ते मी उभं केलं. त्याचं श्रेय त्या निवडीला का द्यायचं?

मध्यंतरी दादाने कुठूनतरी वाचून नवा मुद्दा काढला, की आघातानंतर माणसाची वाढ होते हे मानसशास्त्राने सिद्ध केलंय. अर्धं खरं आहे. टेडेस्की आणि कॅलहून या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये त्यासाठी २१ विधानांची एक प्रश्नावली केली: नाती घट्ट झाली का, नव्या वाटा दिसल्या का, स्वतःची ताकद कळली का, असं. आघातातून गेलेले पुष्कळ लोक ‘हो, झालं’ म्हणतात. पण ही वाढ माणूस मागे वळून स्वतःच मोजतो. २००९ मध्ये पॅट्रिशिया फ्रेझियर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांची आघाताच्या आधीची आणि नंतरची अशी दोन्ही मोजमापं घेतली, तेव्हा ‘मी बदललो’ असं वाटणं आणि खरोखर बदललेलं असणं यांचा मेळ फार थोडा बसला. म्हणजे आमच्या मुलांसारखंच, उत्तर आधी ठरवून रीडिंग मागून बसवलेली. हे मी दादाला सांगितलं, तर म्हणाला, ‘तू फार कडू झालायस.’

कडू नाही, मला मायकेलसन हा अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आठवतो. प्रकाश ईथर नावाच्या माध्यमातून जातो असं तेव्हा सगळे मानत. पृथ्वी त्यातून धावते म्हणजे ईथरचा वारा जाणवलाच पाहिजे, म्हणून १८८७ मध्ये त्याने मोर्लीबरोबर पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडी शिळेवर आरसे बसवून तो मोजायला घेतला. व्यतिकरणाचे पट्टे, म्हणजे प्रकाशाचे दोन झोत एकमेकांत मिसळून उमटणारे उजेड-अंधाराचे पट्टे, पट्ट्याच्या रुंदीच्या ०.४ इतके सरकायला हवे होते. सरकले त्याच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे काहीच नाही. सहा वर्षांपूर्वी एकट्याने केलेल्या प्रयोगातही त्याला वारा सापडला नव्हता. आपण आज वर्गात सांगतो की या अपयशाने भौतिकशास्त्र बदललं. बदललं, पण ते इतरांच्या डोक्यात. फिट्झगेराल्ड, लोरेन्ट्झ त्यावर झटले, १९०५ मध्ये आइन्स्टाइनने ईथरची गरजच नाही म्हणून टाकलं. मायकेलसनला १९०७ चं नोबेल मिळालं ते अचूक प्रकाशीय उपकरणांसाठी, आणि १९३१ मध्ये तो गेला तोवर त्याचा ईथरवरचा जीव काही सुटला नव्हता. अपेक्षाभंग त्याच्याच हातात पडला होता, सर्वात जवळून त्यानेच पाहिला होता. निराशा आपोआप शिकवत असती तर पहिला धडा त्यालाच मिळायला हवा होता. मात्र एक आहे, त्याने आकडे खरवडले नाहीत. आले तसे छापले. मला तो आवडतो तो एवढ्यासाठी.

तर तुमच्या ‘कसा’ला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे: नेमकं काय गेलं, ते लिहून काढा. ‘जागा गेली’ असं एका शब्दात नको, सुटं करून. माझ्या यादीत दारावरची पाटी होती, लोकांच्या नजरा होत्या, ‘मला डावललं’ हे होतं आणि तिसरी शीट होती. पहिल्या तीन गोष्टींचं मी काहीही करू शकत नव्हतो. चौथी माझ्याच ड्रॉवरमध्ये पडून होती. तुमच्या यादीत असं काही निघेलच याची खात्री मी देत नाही. काही जागा अशा असतात की सगळं त्या खुर्चीबरोबरच जातं. तिथे अर्थबिर्थ शोधत बसू नका, सरळ वाईट वाटू द्या आणि दुसऱ्या कामाला लागा.

लिहिण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. पेनेबेकर आणि बील या मानसशास्त्रातल्या संशोधकांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगावर लिहायला लावलं होतं. काय घडलं आणि काय वाटलं, दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्या झाल्या जास्तच उदास वाटलं. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम लहानच निघाला, तेव्हा चमत्काराची अपेक्षा नको. आणि लिहून जड वाटलं तर ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून वही फेकू नका, ते तसंच वाटतं. झोप आणि भूकच उडाली असेल, सकाळी उठवत नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चालू असेल, तर वहीचं काम नाही ते, डॉक्टरांना गाठा.

आणि हे सगळं पगार चालू असलेल्या माणसाने लिहिलंय, हेही ध्यानात घ्या. माझी बढती गेली, नोकरी नाही. तुमच्या हातात सध्या काम आहे की नाही, ते प्रश्नावरून कळत नाही. नसेल तर आधी तेवढं बघा, यादी नंतर करता येईल.