वहिनीला मारल्याच्या आरोपावरून भाऊ अमेरिकेत, न्यू जर्सीच्या काउंटी (जिल्हा) जेलमध्ये आहे. साताऱ्याहून त्याच्याशी बोलायचं कसं, पैसे पाठवायचे कसे?

फोन आणि पैशांचं सांगते. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय, 'आई वहिनीशी बोलून केस मागे घ्यायला लावणार आहे,' ते आधी घेऊ. आईंना आजच थांबवा.

वहिनींनी 911 ला, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या तातडीच्या नंबरला, फोन केला आणि अंगावर माराच्या खुणा दिसल्या, तर न्यू जर्सीत पोलिसांना अटक करावीच लागते. पुढची केस वहिनींची नसते, सरकारची असते. त्यांनी उद्या 'मला पुढे जायचं नाही' म्हटलं तरी केस चालवायची की नाही हे प्रॉसिक्युटर, म्हणजे सरकारी वकील, ठरवतो. आपल्याकडे 498अ मध्ये (2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 85) दोन्हीकडची मंडळी बसतात, हायकोर्टात तडजोड होते, ते गणित तिथे चालत नाही. अशा प्रकरणात जज बहुतेक वेळा मनाई हुकूम काढतो. त्याला तिथे सगळे टीआरओ (टेम्पररी रिस्ट्रेनिंग ऑर्डर) म्हणतात. भावाने वहिनींशी कुठल्याही मार्गाने संपर्क करायचा नाही, दुसऱ्याच्या तोंडूनही नाही, असा तो हुकूम असतो.

आणि होतं काय? मुलगा जेलमधून फोन करतो, रडतो, म्हणतो, 'आई, तिला सांग ना, परत असं होणार नाही.' आई ते सुनेला जसंच्या तसं व्हॉट्सॲप करते, वर 'मुलांकडे बघ, केस काढून घे' हेही जोडते. सून तो मेसेज वकिलाला नाहीतर पोलिसांना दाखवते, आणि तिने दाखवायलाच हवा, कारण ती घाबरलेली आहे. आता त्याच्यावर हुकूम मोडल्याचा वेगळा गुन्हा. साक्षीदारावर दबाव आणल्याचा आरोपही लागू शकतो, आणि सोडायचं की नाही हे ठरवणाऱ्या जजसमोर हेच पुढे येतं. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असेल तर आणखी वाईट: असा हुकूम मोडल्याचं कोर्टाने ठरवलं, तर शिक्षा झालेली नसतानाही तेवढ्यावर देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते.

'आम्ही मराठीत बोलतो, कोणाला कळतंय?' असं म्हणणारी माणसं मला दर वेळी भेटतात. प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला रेकॉर्डिंग होत असल्याची सूचना वाजते ती शोभेला नाही. रेकॉर्डिंग जपून ठेवतात, गरज पडली की दुभाषा आणतात. फक्त वकिलाशी होणारं बोलणं त्यातून वगळलेलं असतं, तेही वकिलाचा नंबर तसा नोंदवलेला असेल तरच. म्हणून फोनवर त्या रात्री काय झालं हा विषयच काढायचा नाही. जेवलास का, झोप लागते का, औषध मिळालं का, एवढंच बोला.

आता शोध. काउंटीच्या वेबसाइटवर कैदी शोधायची सोय असते. आपल्या तीन नावांमुळे तिथे घोळ होतो. वडिलांचं नाव पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये असेल तर दोन्ही नावं एकत्र नोंदलेली असतात. नुसतं आडनाव टाका आणि जन्मतारखेवरून ओळखा. बुकिंग नंबर मिळाला की लिहून ठेवा, पुढे प्रत्येक कामाला तोच लागतो.

तुम्हाला आत फोन लावता येत नाही, तोच बाहेर लावणार. प्रत्येक जेलचं कंत्राट एकाच फोन कंपनीकडे असतं. ती कोणती ते जेलच्या वेबसाइटवर बघा आणि तिथेच प्रीपेड खातं उघडा. भारतातला नंबर कुठे लागतो, कुठे नाही. त्यापेक्षा तिथल्या भरवशाच्या मित्राचा मोबाइल नोंदवा. इंटरनेटवरून घेतलेले नंबर बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत. मित्राने कॉल चालू असताना तुम्हाला जोडून घ्यायचं नाही. तीन जणांचा कॉल यंत्रणेला कळतो, लाइन तुटते, भावाची फोनची सवलतही जाऊ शकते. मित्राने ऐकून नंतर तुम्हाला सांगावं. दर परवडतात: न्यू जर्सीने 2016 च्या कायद्याने अमेरिकेतल्या कॉलला मिनिटाला 11 सेंटांची मर्यादा घातली.

पैशांसाठी भारतीय कार्ड सहसा अडतं, कारण फॉर्म अमेरिकेतला झिप कोड मागतो. मित्राच्या खात्यात रीतसर रेमिटन्स करा, तो भरेल. एका वेळी 25 ते 50 डॉलर पुरे. साबण, नूडल्स, पाकिटं, तिकिटं यांना तेवढेच लागतात. खात्यात जास्त दिसले की आतले लोक मागे लागतात. दुसऱ्या कैद्याच्या नावावर पैसे टाक असं तो म्हणाला तर टाकू नका, वकिलाला कळवा. 'शेरीफ ऑफिसमधून बोलतोय, गिफ्ट कार्डने जामीन भरा' असा फोन आला तर ती फसवणूक आहे. न्यू जर्सीत 2017 पासून रोख जामीन जवळजवळ उरलेलाच नाही. सोडण्याचा निर्णय 48 तासांत व्हावा लागतो. प्रॉसिक्युटरने आतच ठेवायची मागणी केली, तर वेगळी सुनावणी होते, आणि वकील तिच्या आधी उभा राहायला हवा. वकील निवडताना इमिग्रेशनचे परिणाम समजणारा बघा. कोर्टाने दिलेला मोफत वकील (पब्लिक डिफेंडर) मिळाला तरी अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या 2010 च्या पडिला निकालानुसार गुन्हा कबूल करण्याआधी हद्दपारीचा धोका सांगणं त्याचं कर्तव्य आहे.

पत्रात अंगारा, कुंकू घालू नका. पाकिटातून पूड सांडली की तिथे घातक पदार्थ समजून धावपळ होते आणि पत्र तर जातंच. औषधं बाहेरून पाठवता येत नाहीत. जेलच्या मेडिकल विभागाला फोन करून औषधाचं मूळ नाव आणि डोस सांगा: 'ग्लायकोमेट' नाही, मेटफॉर्मिन 500. ते तुम्हाला त्याची माहिती देणार नाहीत, तुमची मात्र ऐकून घेऊ शकतात. शाकाहारी जेवणाचा अर्ज त्यानेच आत करायचा असतो.

न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीला आपोआप कळवलं जात नाही, भावाने मागणी केली तरच कळवतात. पुढच्या फोनवर त्याला तेवढं सांगा, आणि तुम्ही भारताच्या परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर नोंद करा. वकिलात वकिलाची फी किंवा जामीन सहसा भरत नाही, पण अधिकारी भेटायला जाऊ शकतो.

हे सगळं न्यू जर्सीपुरतं. दुसऱ्या राज्यात जामिनाचे नियम वेगळे, आणि मी वकील नाही.

राहिला जुना वाद. 'घरातलं घरात मिटवा, वकील कशाला' असं सांगणारे काका-मामा तुमच्याही घरी येतील. घरात मिटण्यासारखं असतं तर त्या बाईने रात्री पोलिसांना फोन केला नसता. भावाचा पगार थांबला तर वहिनी आणि मुलांचं घरभाडं अडेल. ते पैसे तुम्ही थेट देऊ नका, दोघांच्या वकिलांमार्फत कोर्टाच्या परवानगीने पोचवायची सोय करा, आणि सोबत निरोप जोडू नका.