‘पुढच्या गाडीने या’ म्हणणाऱ्यांना कायदा काय म्हणतो?

रेल्वे अपघातांच्या दाव्यांची वकिली मी करते, पण या सदराकडे येणारी बहुतेक पत्रं सहप्रवाशांच्या वागण्याबद्दल असतात. कोणी जागा अडवली, कोणी शिवीगाळ केली, कोणी दारातून आत येऊ दिलं नाही. यातले बरेच प्रश्न परत परत येतात आणि त्यांच्याबरोबर व्हॉट्सॲपवर फिरणारे तेच ते चुकीचे ‘नियम’ही येतात. म्हणून या वेळी एकत्र उत्तरं देते.

शेजारचा प्रवासी रोज मोबाइलवर मोठ्या आवाजात रील्स लावतो. बंद करा म्हटलं तर ‘कुठे लिहिलंय?’ असं विचारतो. खरंच कुठे लिहिलं आहे का? (बदलापूर)

लिहिलं आहे. रेल्वे कायदा १९८९, कलम १४५. गाडीत किंवा स्टेशनात उपद्रव करणं, अश्लील किंवा शिवराळ बोलणं, दारूच्या नशेत असणं, हे सगळं त्यात येतं. लांब पल्ल्याच्या गाड्यांत रात्री दहानंतर मोठ्याने बोलू नये, गाणी लावू नयेत, अशा रेल्वेच्या वेगळ्या सूचनाही आहेत. बेस्टने तर २०२३ मध्ये बसमध्ये इयरफोनशिवाय आवाज लावायला स्पष्ट मनाई केली. आधी एकदा नीट शब्दांत सांगा. ऐकलं नाही तर रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर डब्याचा क्रमांक आणि पुढचं स्टेशन कळवा. हातातला फोन हिसकावू नका, कारण तसं केलंत तर गुन्हा तुमच्यावर नोंदवला जाईल.

भजनी मंडळालाही हाच नियम लागतो का? (त्याच वाचकाचा पुढचा प्रश्न)

लागतो. आवाज कशाचा आहे यावर कायद्यात फरक केलेला नाही. बहुतेक मंडळं विनंती केली की आवाज कमी करतात, असा माझा अनुभव आहे. तेव्हा पहिली विनंती त्यांनाच करा.

मैत्रिणीसाठी रुमाल टाकून जागा धरता येते का? (ठाणे)

नाही. अनारक्षित डब्यात बसलेल्या माणसाचीच जागा असते, रुमालाची नसते.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला माझ्याबरोबर लेडीज डब्यात नेलं तर चालेल ना? (वसई)

नाही. बारा वर्षांखालच्या मुलांनाच मुभा आहे. कलम १६२ लागू शकतं. मुलगा आजारी किंवा दिव्यांग असेल तर स्टेशन मास्तरांना आधी भेटून काय सोय होते ते विचारा.

लोअर बर्थवरचा प्रवासी संध्याकाळी सात वाजताच आडवा होतो. मिडल बर्थवाल्याने कुठे बसायचं? (नाशिक)

लोअर बर्थवरच. झोपायची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा अशी आहे. आजारी, गरोदर आणि दिव्यांग प्रवाशांना यात सांभाळून घ्यावं, असंही रेल्वेने सांगितलेलं आहे. वाद झाला तर टीसींना बोलवा.

बसायला मिळावं म्हणून आम्ही काही जणी डोंबिवलीहून उलट कल्याणला जातो आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत बसून सीएसएमटीला येतो. पास डोंबिवलीचा आहे. स्टेशनवर उभ्या असलेल्या बायका आमच्याशी भांडतात. आमचं काही चुकतं का? (डोंबिवली)

हो. डोंबिवली-सीएसएमटी पासावर डोंबिवली ते कल्याण हा प्रवास बसत नाही. तेवढ्या अंतरात तुम्ही विनातिकीट आहात. टीसीने पकडलं तर भाडं आणि वर दंड, इतकंच तुमच्या डोक्यात असेल. माझ्या डोक्यात दुसरी गोष्ट येते. त्या मधल्या टप्प्यात गाडीतून पडून अपघात झाला, तर भरपाईसाठी पहिला प्रश्न विचारला जातो की ही व्यक्ती वैध तिकिटावर प्रवास करत होती का. बसायच्या जागेपायी घरच्यांचा दावा अडचणीत आणू नका. कल्याणपर्यंतचा पास काढा. फरक फार मोठा नसतो. मग कल्याणला बसून येण्याचा हक्क तुम्हाला आहे आणि डोंबिवलीत उभ्या असलेल्या बायकांना आत चढण्याचा हक्कही तितकाच आहे.

मी मीरा रोडला चढतो. विरारहून येणाऱ्या गाडीत दारातला ग्रुप आत शिरूच देत नाही. ‘ही विरार गाडी आहे, पुढच्या गाडीने या’ असं म्हणतात. एकदा छातीवर हात ठेवून मागे ढकललं. लोक म्हणतात की दारात उभं राहून पडलं तर भरपाईही मिळत नाही. मग आम्ही करायचं काय? (मीरा रोड)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. गेली काही वर्षं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट. विरार गाडी, बोरिवली गाडी, कर्जत गाडी ही नावं गाडी कुठून सुटते किंवा कुठे जाते यावरून पडलेली आहेत. त्या गावच्या लोकांची मालकी त्यातून होत नाही. गाडी ज्या स्टेशनला थांबते तिथे तिकीटधारकाला चढण्याचा हक्क आहे. रेल्वे कायद्याच्या कलम १५५ च्या दुसऱ्या पोटकलमात नेमकं हेच आहे: जो डबा आपल्यासाठी राखीव नाही, त्यात कायदेशीरपणे शिरणाऱ्या दुसऱ्या प्रवाशाला अडवणं हा गुन्हा आहे. हे कलम १९८९ पासून पुस्तकात आहे. शिक्षा किरकोळ दंडाची आहे, त्यामुळे कोणी त्याला भीत नाही, हे मला मान्य आहे. पण ढकलाढकली झाली की प्रकरण तिथे थांबत नाही. आपल्या निष्काळजी कृत्याने दुसऱ्या प्रवाशाचा जीव धोक्यात घालणं यासाठी कलम १५४ आहे आणि त्यात एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. धक्क्याने कोणी पडून जखमी झालं किंवा गेलं, तर भारतीय न्याय संहितेखालचे गंभीर गुन्हे लागतात.

दारातला ग्रुप कसा उभा राहतो ते रोज जाणाऱ्यांना माहीत आहे. मधल्या खांबाला पाठ लावून एक जण, दोन्ही कडांना दोघे, बॅगा पुढे छातीवर, कोपरं बाहेर. आत, दोन बाकांमधल्या वाटेत, माणसं उभी राहू शकतील एवढी जागा कित्येकदा रिकामी असते. बाहेरून मात्र डबा ठासून भरलेला दिसतो. मग चढणारा माणूस गाडी हलेपर्यंत एक पाय फुटबोर्डवर आणि एक हात दांडीला, अशा अवस्थेत राहतो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि माणसं गेली. गर्दी त्याला कारण आहेच, गाड्या कमी पडतात हेही खरं आहे, आणि दरवाजे आपोआप बंद होणाऱ्या साध्या लोकल लवकर याव्यात असं मलाही वाटतं. पण त्या येईपर्यंत दारातल्या माणसाने दोन पावलं आत सरकणं कोणाच्या बजेटवर अवलंबून नाही.

आता भरपाईची ऐकीव गोष्ट. ‘दारात उभा होता, म्हणजे चूक त्याची, म्हणजे पैसे नाहीत’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की आता संताप येतो. कलम १२४-अ खाली चालत्या गाडीतून अपघाताने पडणं ही ‘अनुचित घटना’ धरली जाते आणि रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं की चढताना-उतरताना पडणं म्हणजे स्वतःहून करून घेतलेली इजा नव्हे, आणि प्रवाशाचा निष्काळजीपणा हे भरपाई नाकारायचं कारण होत नाही. आत्महत्या, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशा, वेड, नैसर्गिक आजार, असे अपवाद कायद्यात आहेत. ‘दारात होता’ हा त्यांत नाही. फुटबोर्डवरून प्रवास करणं हा कलम १५६ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, त्यामुळे रेल्वेचे वकील ते मांडतातच. म्हणून प्रत्येक प्रकरण वेगळं पाहावं लागतं आणि कागद बघितल्याशिवाय मी कोणालाही खात्री देत नाही. पण दावा न करताच घरी बसू नका.

तुम्ही काय करायचं? वार, गाडीची वेळ, डबा कितवा आणि दार कोणतं हे लिहून ठेवा. चढू न दिल्याची तक्रार रेल्वे सुरक्षा दलाकडे, म्हणजे आरपीएफकडे. मारहाण किंवा धमकी झाली तर लोहमार्ग पोलिसांकडे, त्यांचा हेल्पलाइन क्रमांक १५१२. दोन्ही दलं वेगळी आहेत आणि चुकीच्या खिडकीवर गेलात तर वेळ जातो. तुमच्यासारखे अडवले जाणारे चार-पाच जण मिळून लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. एकट्याने त्या घोळक्याशी हातघाईवर येऊ नका. छातीवर हात ठेवून ढकललं त्या दिवसाची तारीख आठवत असेल तर अर्जात ती टाका, आणि पुढे काय करायचं यासाठी जवळच्या वकिलाला एकदा भेटा.

माझे दीर गाडीतून पडून गेले, त्याला आता दहा महिने झाले. हॉस्पिटलमध्येच एक माणूस भेटला होता. ‘रेल्वेकडून पैसे काढून देतो, चाळीस टक्के आमचे’ म्हणाला. जाऊबाईंची कोऱ्या कागदावर सही घेऊन गेला. आता फोन उचलत नाही. (टिटवाळा)

ताई, हे पत्र वाचल्यावर आधी एवढंच करा: या आठवड्यात वकिलाकडे जा. रेल्वे दावा न्यायाधिकरणात अर्ज करायची मुदत घटनेपासून एक वर्ष आहे. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, पण दोन महिने हातात असताना त्या भरवशावर राहू नका.

त्या माणसाबद्दल. दाव्याच्या रकमेत टक्केवारी ठरवणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना केलेलं आहे, आणि दलाल लावून पक्षकार मिळवणंही. म्हणजे तुमच्यासमोर आलेला माणूस वकील असेल तर नियम मोडतोय, नसेल तर त्याला तुमचं प्रकरण चालवताच येत नाही. शवागाराबाहेर उभं राहून दुःखात असलेल्या बाईची कोऱ्या कागदावर सही घेणारी ही माणसं मी वर्षानुवर्षं पाहते आहे. त्यांच्याविषयी माझ्याकडे चांगला शब्द नाही. कोऱ्या सहीबद्दल जाऊबाईंनी पोलिसांत लेखी कळवून ठेवावं. त्यांच्या नावाने आधीच एखादा दावा दाखल झाला आहे का, हेही न्यायाधिकरणात तपासून घ्या.

मृत्यूसाठी भरपाई आठ लाख रुपये आहे. १ जानेवारी २०१७ पासून हाच आकडा आहे. जखमांसाठी ठरलेला तक्ता आहे. ‘वीस लाख मिळवून देतो’ असं कलम १२४-अ च्या दाव्यात कोणी म्हणालं तर तिथूनच उठा.

कागद हे लागतील: स्टेशन मास्तरांचा मेमो, लोहमार्ग पोलिसांची अकस्मात मृत्यूची नोंद, घटनास्थळाचा आणि मृतदेहाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, वारसांचे पुरावे. पंचनाम्यातली वस्तूंची यादी नीट वाचा. ‘चष्मा एक, स्टीलचा डबा एक, पाकीट एक, त्यात पास एक’ अशा एका ओळीवर दावे उभे राहतात. पास सापडला नाही म्हणून दावा आपोआप फेटाळला जात नाही. वारसांनी शपथपत्रावर सांगितलं की पुढचं सिद्ध करायची जबाबदारी रेल्वेकडे जाऊ शकते. दीरांचं तिकीट मोबाइलवर काढलेलं असेल तर तो फोन विकू नका, रीसेट करू नका.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाऊबाईंना सोबत घेऊनच जा, कारण अर्जदार त्या आहेत.

डब्यात भांडण पेटलं तर साखळी ओढावी का? (पनवेल)

जीव धोक्यात असेल तर जरूर. नुसत्या शाब्दिक वादासाठी नको, कलम १४१ खाली कैदही होऊ शकते.

दिव्यांग डब्यात रोज धडधाकट माणसं बसतात. मी त्यांचे व्हिडिओ काढून फेसबुकवर टाकतो. ठीक आहे ना? (कुर्ला)

तक्रार रास्त आहे, मार्ग धोक्याचा आहे. त्या डब्यात गरोदर स्त्रिया आणि कर्करोगाचे रुग्णही कायदेशीरपणे बसतात. केमोथेरपी घेऊन परळहून घरी निघालेला माणूस लांबून धडधाकट दिसू शकतो. तुम्ही त्याचा चेहरा जगासमोर टाकलात आणि खाली शंभर जणांनी शिव्या लिहिल्या, तर बदनामीचा खटला तुमच्यावर येऊ शकतो. व्हिडिओ जरूर काढा, पण तो आरपीएफला द्या, मूळ फाइल फोनमध्ये ठेवा आणि वेळ-स्टेशन लिहून ठेवा. आधी टाकलेले व्हिडिओ फेसबुकवरून काढून टाकावेत की कसं, हे एखाद्या वकिलाला ते दाखवूनच ठरवा. एखाद्यात कोणा बाईचा चेहरा असेल तर तो व्हिडिओ मात्र आजच काढून टाका.