आजी पडू नये, नातही पडू नये

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. गेल्या महिन्यात पहाटे उठून न्हाणीघराकडे जाताना त्या दारातच पडल्या. हाड मोडले नाही, पण तेव्हापासून त्या भिंतीला धरून चालतात आणि आम्हीही त्यांना फारसे उठू देत नाही. रक्तदाबाच्या दोन गोळ्या व झोपेची एक गोळी चालू आहे. घरात ९ महिन्यांची मुलगीही आहे. ती आता धरून उभी राहते, म्हणून नातेवाइकांनी वॉकर आणून दिला आहे. दोघींची काळजी कशी घ्यावी? – एक वाचक, सांगली

उत्तर : सासूबाई कुठे पडल्या यापेक्षा केव्हा पडल्या, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. झोपेतून उठून उभे राहिले की रक्त पायांकडे उतरते. तरुणपणी रक्तवाहिन्या क्षणात आवळल्या जाऊन दाब सावरतो, पण वय वाढले की ही क्रिया मंदावते. त्यात रक्तदाबाच्या गोळीची भर पडते, आणि झोपेच्या गोळीचा अंमल पहाटेही उरलेला असू शकतो. म्हणून फरशी बदलण्याचा विचार करण्याआधी त्यांच्या सगळ्या गोळ्या, दुकानातून परस्पर आणलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर १ व ३ मिनिटांनी मोजण्याची विनंती करा. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर औषधांचा फेरविचार करावा लागतो. तो डॉक्टरांनीच करावा. झोपेची गोळी तर एकदम बंद करूच नये. तोवर उठताना पलंगाच्या कडेवर पाय खाली सोडून मिनिटभर बसायचे, पावले हलवायची आणि मगच उभे राहायचे, एवढी सवय त्यांना लावा.

त्यांना उठू न देणे मात्र थांबवा. हे प्रेमापोटी होते हे मी जाणतो, पण बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू झिजतात आणि पुढचे पडणे जवळ येते. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीतून, जमल्यास हातांचा आधार न घेता, रोज ५ वेळा उठबस करावी आणि हळूहळू ती १० पर्यंत न्यावी. सुरुवातीला शेजारी कोणीतरी उभे राहावे.

आता त्या दाराकडे पाहा. तिथे जुन्या साडीची घडी पायपुसणे म्हणून टाकलेली असेल, तर तिची दुमडलेली कड पायात अडकते. ती काढून टाका. न्हाणीघरातली टॉवेलची दांडी आधारासाठी नसते, भार पडला की ती स्क्रूसकट उपटून येते. भिंतीत पक्की बसवलेली आधाराची दांडी लावून घ्या. अंगाला तेल लावत असतील, तर चालण्यापूर्वी तळवे पुसावेत.

वॉकर परत करा. त्यामुळे मूल लवकर चालते हा गैरसमज आहे. उलट आपण हात पुढे करण्याआधी ते जिन्यापर्यंत पोहोचलेले असते. कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे. पलंगावर दोन्ही बाजूंना उशा लावून मूल अडत नाही, ते त्यांवर चढते. त्यापेक्षा जमिनीवरचे अंथरूण बरे. गॅलरीच्या गजांमधील फट ४ इंचांहून कमी असावी आणि कठड्याजवळ कुंडी किंवा स्टूल नसावे.

डोक्यावर पडल्यानंतर वारंवार उलट्या, गुंगी, झटका किंवा नाका-कानातून पाणी अथवा रक्त येणे यांपैकी काहीही दिसले, तर मुलीला लगेच रुग्णालयात न्या. सासूबाईंना रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला, तर लक्षणांची वाट पाहू नका.

आणखी एक, जे तुम्ही विचारलेले नाही. सासूबाईंनी नातीला उभ्याने कडेवर घेऊ नये. त्यांनी आधी खुर्चीत नीट बसावे, आणि मग तुम्ही तिला त्यांच्या मांडीवर द्यावे.