झोपेत अडणारा श्वास

प्रश्न : माझे यजमान ५१ वर्षांचे असून रावेर तालुक्यात आमची केळीची बाग आहे. उन्हाळ्यात आम्ही धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) झोपतो, तेव्हा त्यांचे घोरणे शेजारच्या धाब्यापर्यंत ऐकू जाते. मध्येच ते घोरणे थांबते, पोट हलत राहते, पण श्वास येत नाही. मग ते दचकून मोठा श्वास ओढतात. ‘दिवसभर राबतो, म्हणून गाढ झोपतो,’ असे सासूबाई म्हणतात. परंतु सकाळी त्यांचे डोके जड असते, तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नाही आणि मागच्या महिन्यात बऱ्हाणपूरला टेम्पो नेताना त्यांना डुलकी लागली. काय करावे?

उत्तर : ताई, पोट हलते पण श्वास येत नाही, हे तुमचे निरीक्षण फार मोलाचे आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. मान जाड असेल किंवा जबडा आखूड असेल, तर जीभ आणि पडजीभ मागे सरकून श्वासाची वाट बंद होते. मेंदू श्वास घ्यायला सांगत असतो, छाती-पोट जोर लावत असतात, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरला की मेंदू क्षणभर जागा होतो आणि घसा मोकळा होतो. सकाळी यातले काहीच आठवत नाही. या विकाराला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. दर वेळच्या या धडपडीत शरीर रक्तदाब चढवते, त्यामुळे गोळ्या अपुऱ्या पडण्यामागे हेच कारण असण्याची दाट शक्यता आहे.

मोबाइलवर त्यांच्या झोपेचे पाच-दहा मिनिटांचे चित्रीकरण करून ते छातीविकारतज्ज्ञांना किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. पुढे रात्रभराची झोपेची तपासणी होते. ती काही वेळा घरीही करता येते. श्वास किमान १० सेकंद थांबणे किंवा बराच मंदावणे असे प्रकार तासाला किती वेळा होतात, ते तीत मोजतात : ५ ते १५ वेळा झाल्यास विकार सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्याहून अधिक असल्यास तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. अशा झोपेतून उठलेला माणूस ताजातवाना कसा असेल?

मध्यम आणि तीव्र विकारावर सीपॅप यंत्र हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये तो मांडला. मास्कमधून येणाऱ्या हवेचा दाब घसा आतून उघडा धरून ठेवतो. सुरुवातीला मास्क नकोसा होतो, नाक कोरडे पडते आणि अनेक जण इथेच यंत्र कपाटात ठेवून देतात, याचे मला फार वाईट वाटते. मास्कचे माप बदलून घ्यावे, दिवसा टीव्ही पाहताना अर्धा तास तो लावून बसावे, यंत्राला पाण्याची टाकी असल्यास तीत बोअरचे क्षारयुक्त पाणी न घालता डिस्टिल्ड वॉटर वापरावे. वीज गेली तरी मास्कच्या छिद्रांमुळे लगेच गुदमरायला होत नाही, पण दाब थांबताच घसा पुन्हा मिटू लागतो. म्हणून इन्व्हर्टरची सोय पाहावी.

वजन उतरवणे, कुशीवर झोपणे आणि संध्याकाळची दारू बंद करणे यांनीही फरक पडतो. झोपेची गोळी मनाने देऊ नये, कारण तिच्यामुळे घसा आणखी सैल पडू शकतो. सौम्य विकारात खालचा जबडा पुढे धरणारे दातांचे साधन चालते. शस्त्रक्रिया मात्र निवडक रुग्णांनाच उपयोगी पडते.

उपचार लागू पडेपर्यंत टेम्पोची किल्ली त्यांच्या हाती देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : मी ५६ वर्षांची असून नंदुरबारला राहते. मी फारशी घोरत नाही, तरी रात्री वारंवार जाग येते आणि दिवसभर थकवा असतो. मलाही हाच विकार असेल का?

उत्तर : असू शकतो. पाळी थांबल्यावर स्त्रियांमध्ये याचे प्रमाण वाढते आणि घोरण्याऐवजी निद्रानाश, थकवा, सकाळची डोकेदुखी अशा तक्रारी पुढे येतात, त्यामुळे निदान राहून जाते. आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. त्यांतून कारण सापडले नाही, तर झोपेच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा.