वाचकांचे प्रश्न : ‘एक्स-मेन’ उत्तम खेळ की नुसती बटणबडवी?

प्रश्न : कोनामी कंपनीचा ‘एक्स-मेन’ हा जुना मारधाडीचा व्हिडिओ गेम मला मनापासून आवडतो, परंतु त्याविषयी खेळाडूंची मते वाचू लागलो की डोके चक्रावते. कोणी त्याला या प्रकारातला सर्वोत्तम खेळ ठरवतो, तर कोणी ‘एकच बटण बडवत पुढे चालायचे, यात खेळण्यासारखे काय आहे?’ असे विचारतो. महाविद्यालयात शिकणारा माझा भाचाही दुसऱ्या पक्षाचा आहे. आमच्यापैकी खरे कोणाचे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही पक्ष एकाच खेळाविषयी बोलत असले, तरी तो त्यांनी निरनिराळ्या परिस्थितीत खेळलेला असतो, आणि मत वाचताना नेमके हेच ध्यानात घेतले जात नाही. हा खेळ 1992 साली आर्केडसाठी, म्हणजे नाणे टाकून उभ्याने खेळायच्या यंत्रासाठी तयार झाला. त्याच्या सर्वांत मोठ्या यंत्रापुढे एका वेळी सहा जण उभे राहू शकत, आणि त्यांना पुरेल इतके रुंद दृश्य दाखवण्यासाठी आत दोन पडदे बसवलेले असत. त्यांपैकी एक थेट दिसे, तर दुसऱ्याचे प्रतिबिंब आरशातून त्याला जोडून दिसे. सायक्लॉप्स, वुल्व्हरिन, स्टॉर्म, कोलोसस, नाइटक्रॉलर आणि डॅझलर असे सहाही जण एकाच रस्त्यावर सेंटिनेल यंत्रमानवांशी भिडलेले, कोलोससची डरकाळी मधूनच कानावर आदळते आहे आणि शेजारचा अनोळखी मुलगा आपल्याच खांद्याला खांदा लावून बटणे दाबतो आहे, असा तो प्रकार होता. त्या काळी अमेरिकेतल्या आर्केडमध्ये हे अनुभवलेला माणूस जेव्हा पैकीच्या पैकी गुण देतो, तेव्हा ते गुण त्या गर्दीलाही असतात. त्याला त्यासाठी दोष देण्याचे कारण नाही, कारण खेळ त्या गर्दीसाठीच घडवलेला होता.

आता आपल्या भाच्याचे म्हणणे पाहू. या खेळात प्रहार, उडी आणि म्युटंट शक्ती (त्या त्या पात्राची खास अद्भुत ताकद) अशी तीनच बटणे आहेत, त्यामुळे डावपेचांना वाव थोडा. अमेरिकी आवृत्तीत म्युटंट शक्ती वापरली की आपलीच हेल्थ, म्हणजे पात्राची प्राणशक्ती, खर्च होते, आणि ती भरून काढणारे अन्न किंवा औषध वाटेत कोठेही मिळत नाही. म्हणजे खेळातली सर्वांत देखणी गोष्ट वापरावी, तर मरण जवळ येते आणि पुढचे नाणे टाकावे लागते. यंत्रमालकाच्या दृष्टीने हा हिशेब चोख होता. घरी एकट्याने खेळणाऱ्याला मात्र तो खटकतो, आणि खटकलाच पाहिजे.

त्यात 2010 साली हा खेळ घरगुती कन्सोलवर आला, तेव्हा क्रेडिट, म्हणजे नाणे टाकून मिळणारी खेळण्याची संधी, अमर्याद मिळू लागले. मरण्याला किंमतच उरली नाही, म्हणून जपून खेळण्याचे कारणही उरले नाही, आणि तासाभराच्या आत मॅग्नेटो या शेवटच्या खलनायकाला हरवून माणूस ‘एवढेच?’ म्हणत उठू लागला. बटणबडवीची तक्रार करणाऱ्या पुष्कळ खेळाडूंचा अनुभव या आवृत्तीचा आहे. याच आवृत्तीत जपानी रूपही निवडता येत असे, आणि त्यात वाटेत हेल्थ व शक्तीचे गोळे मिळत असल्यामुळे खेळ बराच न्याय्य वाटतो. तरीही मते लिहिताना आपण कोणते रूप खेळलो हे फारच थोडे जण सांगतात. पुढे ही आवृत्ती विक्रीतून काढली गेली.

माझे मत विचाराल, तर निव्वळ घडणीच्या बाबतीत मी भाच्याच्या बाजूचा आहे. कॅपकॉमचा 1993 चा ‘द पनिशर’ शेजारी ठेवून पाहावा. त्यात दोघांनाच खेळता येते, परंतु शत्रूला धरणे, फेकणे, पडलेले शस्त्र उचलणे आणि समोरून बंदूक निघाली की आपणही बंदूक काढणे, अशा प्रत्येक कृतीला वजन आहे. एकट्याने खेळतानाही कंटाळा येत नाही. आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ या नावानेच ओळखला गेलेला ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ हा खेळही त्याच कंपनीचा आणि त्याच वर्षाचा, त्यामुळे तो खेळलेल्यांना हा हात लगेच ओळखू येईल. ‘एक्स-मेन’चा मात्र एकट्याने निकाल लावू नये. भाच्याला चार मित्र बोलवायला सांगावे, प्रत्येकाला ठरावीकच क्रेडिट द्यावेत, आणि मग त्याचे मत पुन्हा विचारावे.

प्रश्न : या खेळात डॅझलर कशी काय आली? कार्टूनमध्ये पाहिलेले रोग, बीस्ट, गॅम्बिट यांच्यापैकी एकही नाही. खेळाडू डॅझलरला दुबळी म्हणतात, ते खरे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपण म्हणता ती मालिका अमेरिकेत 31 ऑक्टोबर 1992 रोजी सुरू झाली. खेळातला संघ घेतला आहे तो त्याआधीच्या, 1989 मध्ये दाखवल्या गेलेल्या ‘प्राइड ऑफ द एक्स-मेन’ या एकाच भागाच्या कार्टूनमधून. त्याची पुढे मालिका झाली नाही, पण त्यातली डॅझलर खेळात टिकून राहिली. दुबळी म्हणण्याइतकी ती कमी नाही. नाइटक्रॉलर मात्र खरोखर उजवा आहे, कारण त्याची शक्ती वापरली की तो पडद्यावर इकडून तिकडे प्रकट होत अनेकांना एकदम झोडपतो. सहा जण जमले की त्याच्यावरूनच पहिले भांडण होते, आणि उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला बहुधा डॅझलर येते. तिच्या बदनामीचे मूळ मला तरी यातच दिसते.

प्रश्न : याच धर्तीचा नवा खेळ घ्यावा का? ‘मार्व्हल कॉस्मिक इन्व्हेजन’बद्दल खेळाडू काय म्हणतात?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : ट्रिब्यूट गेम्सने बनवलेला हा खेळ डिसेंबर 2025 मध्ये आला. पंधरा पात्रांपैकी दोन निवडायची आणि मारामारी चालू असतानाच एकाच्या जागी दुसरे आणायचे, ही त्यातली खरी गंमत आहे. त्यामुळे एकट्या खेळाडूलाही विचार करायला जागा मिळते, आणि वर म्हटलेली जुनी उणीव बरीचशी भरून निघते. चित्रे जुन्या आर्केडच्या वळणाची असून ती सुबक आहेत. कथा काही तासांतच संपते, ही तक्रार रास्त आहे. मात्र या जातीचा खेळ चाळीस तासांचा असता, तर तो कोणी पुरा केला नसता. एका वेळी चौघांना खेळता येते. आपल्याकडे दुसरा कंट्रोलर नसेल, तर आधी तो घ्यावा आणि खेळ सवलतीत मिळेपर्यंत थांबावे.