बाजूला लाकूड असलेली जुनी जीप ग्रँड वॅगोनियर मूळ रूपात आणायची आहे. सुरुवात कुठून करावी?

आपल्याकडे १९८९ची ग्रँड वॅगोनियर आली आहे, तिच्या बाजूचे लाकूड जागोजागी सोलले आहे, आणि ते सगळे खरवडून गाडी एकरंगी करून टाकावी असे आपले वडील म्हणतात. त्यांचे ऐकावे का आणि कामाला कुठून हात घालावा, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ऐकू नका.

इतके ठामपणे सांगतो, कारण माझ्या थोरल्या भावाने १९९९ साली नेमके तेच केले आणि ते निस्तरण्यात माझे तीन हिवाळे गेले. दादाने न्यू जर्सीत १९९० साली ही १९८७ची गाडी जुनीच विकत घेतली होती. आमचे वडील पाटबंधारे खात्यात होते आणि त्यांचे सारे फिरणे सरकारी महिंद्रा जीपमधून होई. महिंद्राने मुंबईत जोडणी सुरू केली ती विलीज या अमेरिकी कंपनीच्या जीपची, आणि वॅगोनियरही त्याच घराण्यातली, म्हणून परदेशात आल्यावर दादाला दुसरी गाडी पसंतच पडली नाही. त्याची मुले या गाडीत वाढली, आणि गणपतीची मूर्ती दरवर्षी मागच्या फळीवर ठेवूनच घरी येत असे. बाजूच्या ‘लाकडा’च्या फिल्मचे कोपरे उचलू लागले तेव्हा दादाने गाडी एका रंगकाम करणाऱ्या गॅरेजात दिली. त्यांनी फिल्मच्या कडेने बसवलेल्या पट्ट्या काढल्या, फिल्म ओरबाडली, पट्ट्यांची भोके फिलरने बुजवली आणि सगळी गाडी गडद निळी करून परत दिली.

दादाचे म्हणणे तेव्हाही एकच होते आणि आजही तेच आहे: ‘ते लाकूड नव्हतेच, प्लॅस्टिकचा कागद होता, मग गेला तर काय बिघडले?’ आपले वडीलही बहुधा हेच म्हणत असतील. ते खरे लाकूड नाही, लाकडाचे रेघारेघांचे चित्र छापलेली विनाइल फिल्म आहे, हे मलाही मान्य आहे. मात्र ती फिल्म कारखान्यातच लागलेली आहे. अमेरिकी डिझायनर ब्रुक्स स्टीव्हन्स यांनी आखलेली ही गाडी १९६३च्या मॉडेलपासून १९९१पर्यंत ओहायोतल्या टोलेडो शहरात बनत राहिली. या काळात मालकी कायझर कंपनीकडून १९७० साली अमेरिकन मोटर्सकडे (एएमसी) आणि १९८७ साली क्रायस्लरकडे गेली, तरी गाडीचा ढाचा मुळातून बदलला नाही. १९७८च्या वॅगोनियर लिमिटेडमध्ये चामड्याची आसने, जाड गालिचा आणि बाहेरचे लाकडी रूप असा थाट एकत्र आला, आणि तोच पुढे १९८४पासून ग्रँड वॅगोनियर या नावाने चालू राहिला. असे असताना फिल्म काढून गाडी ‘मूळ रूपात’ आणली असे म्हणणे चूक आहे. खऱ्या लाकडाच्या फळ्या ठोकणेही तितकेच चूक आहे, आणि तसे करणारेही मी पाहिले आहेत.

२०१६ साली गाडी माझ्याकडे आली तेव्हा पट्ट्या दादाच्या तळघरात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सापडल्या. त्या त्याने टाकून दिल्या नव्हत्या, हे त्याचे ऋण मी मानतो. अडचण भोकांची होती. पट्ट्या क्लिपांवर बसतात आणि क्लिपा पत्र्यातल्या भोकांत बसतात. बाहेरून पाहावे तर पत्रा सपाट, गुळगुळीत. अंदाजाने मोजून भोक पाडले आणि ते अर्ध्या इंचाने चुकले, तर पट्टी दाराच्या सांध्यावर तुटक दिसते आणि ती चूक झाकता येत नाही. म्हणून मी दारांची आतली आवरणे उतरवली आणि टॉर्च घेऊन आतल्या बाजूने पाहिले. जिथे जिथे भोक होते तिथे बाहेरून दाबलेला फिलर आत येऊन वाळला होता आणि त्याची हरभऱ्याएवढी करडी बोंडे ओळीने दिसत होती. प्रत्येक बोंडाच्या मध्यावर आतून बारीक ड्रिल घातले, मग बाहेरून भोक मापाचे केले आणि उघड्या पत्र्याला गंजरोधक प्रायमर लावला.

हे करताना डावीकडच्या मागच्या दाराच्या बिजागरीकडील कडेवर बोटाला एक उंचवटा लागला. पुढचे दार मिटले की ही कड झाकली जाते. कारखान्यात फिल्म दाराच्या कडेवरून आत वळवलेली होती, आणि रंगकाम करणाऱ्यांनी तेवढा भाग सोलण्याचे कष्ट न घेता त्यावरच निळा रंग फवारला होता. हीट गनची हलकी ऊब देऊन प्लॅस्टिकच्या पात्याने मी तो रंग उचलला, आणि खालून मूळ फिल्मची दोन बोटे रुंदीची पट्टी निघाली: जुन्या सागवानी कपाटासारखी गडद, किंचित तांबूस, रेघ न् रेघ स्पष्ट. तिला ऊन कधी लागलेच नव्हते.

माझा आणि दादाचा खरा वाद इथून सुरू झाला. गाडीचे लाकूड मधासारखे फिकट होते असे तो छातीठोकपणे सांगतो, वहिनींनाही तसेच आठवते, आणि घरच्या सगळ्या फोटोंत ते फिकटच दिसते. पण ते फोटो गाडी काही वर्षे उन्हात उभी राहिल्यानंतरचे आहेत. विनाइलचा रंग उन्हाने उडतो, आणि दादाने गाडी घेतली तेव्हाच तो उडायला लागला असणार. मी त्या पट्टीचा फोटो पाठवला, तर त्याचे उत्तर आले की गोंदाने आणि मळाने ती काळी पडली आहे. मी ती साबणाने धुऊन पुन्हा पाठवला. त्यावर तो म्हणाला, ‘नऊ वर्षे ती गाडी मी रोज धूत होतो, तू नव्हे.’ हे खरे आहे, आणि मला ते लागलेही. तरीही मी फिल्म त्या पट्टीशी जुळवूनच मागवली. घरच्या माणसांना आठवते ते त्यांनी वापरलेल्या गाडीचे रूप, आणि मला हवी होती कारखान्यातून निघालेली गाडी.

फिल्म लावताना घाई करू नका. नवा रंग दिला असेल तर तो काही आठवडे पूर्ण वाळू द्यावा, नाहीतर रंगातून निघणारी वाफ फिल्मखाली अडकून फुगे येतात. उबदार दिवस निवडावा, साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारून फिल्म मधून कडेकडे दाबत न्यावी, आणि कडा वळवताना ऊब द्यावी. छटा आणि रेघा सर्व वर्षांच्या गाड्यांना सारख्या नव्हत्या, म्हणून ‘वॅगोनियरची फिल्म’ एवढ्यावर समाधान मानू नका. १९८७ची माझी फिल्म आपल्या १९८९च्या गाडीला चालेलच असे नाही.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो. ३६० घन इंचांचे एएमसीचे व्ही-८ इंजिन काढून नवे बसवण्याचा सल्ला आपल्याला पुष्कळ लोक देतील. मलाही दिला गेला, आणि मी तो घेतला नाही. हे इंजिन पेट्रोल भरपूर पिते पण टिकाऊ आहे. त्याला जस्तयुक्त तेल घालावे, कारण त्याच्या कॅमला (झडपा उघडणाऱ्या दांड्याला) आजचे साधे तेल पुरत नाही. गरम झाल्यावर गाडी बंद पडत असेल तर मोटरक्राफ्टच्या कार्बोरेटरला दोष देण्याआधी पेट्रोल फिल्टर पाहावा. त्याला तीन नळ्या असतात, आणि टाकीकडे परत जाणारी नळी वरच्या बाजूला यायला हवी. माझ्या गाडीत ती खाली फिरवलेली होती आणि वाफ परत जातच नव्हती. मागची विजेवर चालणारी काच बंद होत नसेल तर गाडी चालवू नका, कारण धूर त्या वाटेने आत ओढला जातो.

हे सगळे लिहिले, पण आपल्या प्रश्नाचे खरे पहिले उत्तर राहिलेच: फिल्मला हात लावण्याआधी गाडी जॅकवर घेऊन चासी (खालचा सांगाडा), जमिनीचा पत्रा, बॉडी जिथे चासीवर बसते ते आधार आणि टेलगेटची खालची कड स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. न्यू जर्सीत रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे माझा अर्ध्याहून अधिक पैसा वेल्डिंगमध्येच गेला. कोरड्या राज्यातल्या गाडीला इतका खर्च येणार नाही. चासीच सडली असेल तर माझे वरचे सगळे सांगणे बाजूला ठेवून दुसरी गाडी शोधावी. शिवाय या गाडीत एअरबॅग नाहीत, त्यामुळे तिला घरातली रोजची गाडी करण्याचा विचार असेल तर तो पुन्हा एकदा करावा.

माझ्या गाडीच्या मागच्या दारावर नवी फिल्म मी मुद्दाम अलीकडेच थांबवली आहे आणि ती दोन बोटांची जुनी पट्टी उघडी ठेवली आहे. गेल्या दिवाळीत दादा आला, त्याने बाजूवरून हात फिरवला आणि ‘हा रंग नव्हता’ एवढेच म्हणाला. मी दार उघडून पट्टी दाखवली. तो बराच वेळ वाकून पाहत राहिला, पण बोलला काहीच नाही. आपल्या गाडीची फिल्म अजून जागेवर आहे, तेव्हा काहीही सोलण्याआधी चारही दारांच्या बिजागरीकडच्या कडा तपासा, आणि त्या वेळी वडिलांना जवळ बोलावून घ्या.