हृदयाच्या सीटी अँजिओत (रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये) ‘हालचालीमुळे उजवी धमनी अस्पष्ट’ असा शेरा आलाय. बाबांचा स्कॅन पुन्हा करावा का?

लगेच नको, आधी त्याच स्कॅनच्या मूळ डेटावरून ठोक्याच्या वेगळ्या क्षणाची चित्रं काढून मिळतात का, ते केंद्रात विचारा, आणि आजच विचारा, कारण हा डेटा यंत्रात फार दिवस ठेवत नाहीत. मी इंदूरमध्ये सीटी टेक्निशियन आहे. उजवी धमनी ठोक्यागणिक सगळ्यात जास्त हलते, म्हणून तीच आधी पुसट होते, आणि तो पुसटपणा कधी कधी चक्क ब्लॉकेजसारखा दिसतो. त्यामुळे अशा चित्रावरून घाबरूही नका, निर्धास्तही होऊ नका.

पुन्हा करावाच लागला तर:
- नाडी 60च्या आसपास हवी. त्यासाठी बहुधा मेटोप्रोलोल ही ठोके संथ करणारी गोळी देतात. ठोके संथ झाले की मधली विश्रांती लांबते आणि चित्र तेवढ्यात टिपता येतं.
- आदल्या रात्रीपासून चहा-कॉफी बंद, सकाळच्या पोह्यांबरोबरचा चहासुद्धा.
- दहा-पंधरा सेकंद श्वास रोखायचा सराव घरीच करवून घ्या.
- जमल्यास ड्युअल सोर्स (दोन एक्स-रे नळ्यांचं) यंत्र निवडा. त्याला एका चित्रासाठी साधारण 70 मिलिसेकंद पुरतात, साध्याला जवळपास दुप्पट लागतात.

बाबांना दमा असेल तर गोळी देण्याआधी डॉक्टरांना नक्की सांगा.